धमन्यांत थर साचू नये म्हणून आहारातले कोणते घटक खरंच कामाचे?

प्रश्न थोडक्यात असा: वय पन्नाशीच्या आसपास, त्रास काहीच नाही, पण सीटी तपासणीत हृदयाच्या धमनीत थोडा प्लाक, म्हणजे चरबीचा थर, दिसला. एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, 142. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, लगेच सुरू करायची मनाची तयारी नाही. लसणाच्या कॅप्सूल, कर्क्युमिन, फिश ऑइल, व्हिटॅमिन के2, कोको, बीटचा रस अशी यादी हातात आहे. यातलं काय घेतलं तर प्लाक वाढायचा थांबेल आणि जमलं तर विरघळेलही?

हृदयरोग्यांच्या आहाराचं काम मी बरीच वर्षं करते आहे आणि अशी यादी घेऊन येणारे पुष्कळ भेटतात. आधी सरळ उत्तर देते. ज्या घटकांचा पुरावा सगळ्यांत भक्कम आहे, त्यांतला एकही तुमच्या यादीत नाही. ते बाटलीपेक्षा स्वयंपाकघरात जास्त सापडतात, त्यांची जाहिरात फारशी कुणी करत नाही आणि त्यांतल्या बऱ्याच घटकांचं काम आतड्यातच उरकतं, रक्तात उतरायची त्यांना गरजच पडत नाही.

असं का, हे कळायला प्लाक नेमका कुठे असतो ते बघावं लागेल. बहुतेकांच्या डोक्यात तुंबलेल्या मोरीचं चित्र असतं: पाइपच्या आतून गाळ चिकटलेला, वरून काहीतरी ओतलं की वाहून जाईल. प्लाक तसा पृष्ठभागावर नसतो. धमनीच्या आतल्या बाजूला एंडोथेलियम नावाचं एका पेशीइतकं पातळ अस्तर असतं, प्लाक त्या अस्तराच्या खाली, भिंतीच्या आत तयार होतो. एलडीएलचे कण या अस्तरातून आत शिरतात, तिथल्या प्रोटिओग्लायकन नावाच्या चिकट प्रथिनांच्या जाळ्यात अडकतात आणि त्यांचं ऑक्सिडीकरण होतं. मग मॅक्रोफेज या पांढऱ्या पेशी ते कण गिळत सुटतात. गिळून गिळून त्या चरबीने इतक्या भरतात की सूक्ष्मदर्शकाखाली फेसासारख्या दिसतात, म्हणून त्यांना फोम सेल म्हणतात. या पेशी मरतात, चरबीचा लगदा मागे राहतो आणि त्यावर शरीर तंतुमय टोपी चढवतं. ही टोपी पातळ असेल आणि एखाद्या दिवशी फाटली, तर तिथे रक्ताची गुठळी होते. हार्ट अटॅक बहुधा असा येतो.

तेव्हा कुठलाही रस किंवा काढा धमनी 'धुऊन' काढत नाही, तो तिथपर्यंत पोचतच नाही. 'विरघळेल का' याचं उत्तर औषधांच्या चाचण्यांवरून मिळतं. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅस्टेरॉइड चाचणीत रुग्णांना दोन वर्षं रोज 40 मिलिग्रॅम रोसुव्हास्टॅटिन दिलं, म्हणजे पूर्ण ताकदीचा डोस. एलडीएल 130 वरून साधारण 60 वर आलं. धमनीच्या आतून अल्ट्रासाउंड करून प्लाक मोजला, तेव्हा धमनीतलं त्याचं प्रमाण सरासरी जेमतेम एक टक्क्याने उतरलेलं होतं. 2016 च्या ग्लागोव्ह चाचणीत स्टॅटिनच्या जोडीला पीसीएसके9 हे एलडीएल वाढवणारं प्रथिन रोखणारं इंजेक्शन दिलं, एलडीएल चाळिशीच्याही खाली गेलं, तरी आकडा जवळपास तेवढाच. म्हणून 'तीन महिन्यांत ब्लॉकेज साफ' असं छापलेली बाटली दिसली की ती परत ठेवावी. पण या एका टक्क्याने नाउमेदही होऊ नका. आकार फारसा न बदलता प्लाकमधली चरबी कमी होते, टोपी जाड होते आणि तो फाटायची शक्यता घटते. आपल्याला साधायचं आहे ते हेच.

आता कुठल्याही घटकाबद्दल मी दोन प्रश्न विचारते. वरच्या साखळीत तो कुठल्या पायरीवर काम करतो? आणि त्याचा परिणाम कशावर मोजला: परीक्षानळीत, रक्ताच्या अहवालात, धमनीच्या चित्रात की प्रत्यक्ष हार्ट अटॅकच्या संख्येत? दुसरा प्रश्न न विचारल्याने काय होतं, ते अँटिऑक्सिडंट प्रकरणात दिसलं. ऑक्सिडीकरणाची पायरी अडवली की प्लाक अडेल, हा विचार कागदावर बिनतोड होता. म्हणून होप या चाचणीत नऊ हजारांहून अधिक लोकांपैकी निम्म्यांना साडेचार वर्षं रोज 400 युनिट व्हिटॅमिन ई दिलं. 2000 साली निकाल आला: हार्ट अटॅक, पक्षाघात, मृत्यू, कशातच फरक नाही. बीटा कॅरोटिनची गोष्ट तर याहून वाईट. फिनलंडमधल्या धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या चाचणीत (1994) गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्के जास्त निघाला, आणि अमेरिकेतली तशीच दुसरी चाचणी 1996 मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली. तरी आजही डब्यावर 'अँटिऑक्सिडंटयुक्त' लिहिलं की माल खपतो.

याउलट एलडीएलची पायरी. 1913 मध्ये रशियात निकोलाय अनिच्कोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या धमन्यांत थर निर्माण करून दाखवले. पुढे ब्राउन आणि गोल्डस्टीन यांनी पेशींवरचे एलडीएल रिसेप्टर, म्हणजे रक्तातलं एलडीएल पकडून आत घेणारे रेणू, शोधले आणि 1985 चं नोबेल मिळवलं. तेव्हापासून औषधांच्या चाचण्या आणि जनुकीय अभ्यास एकाच दिशेने बोट दाखवत आले आहेत: रक्तात एलडीएल जितकं कमी आणि जितकी जास्त वर्षं कमी, तितका प्लाक कमी. म्हणून आहारातला जो घटक एलडीएल खात्रीने खाली आणतो, तो माझ्या यादीत वरचा.

पहिला नंबर विद्राव्य फायबरचा. ओट्स आणि बार्लीतलं बीटा-ग्लुकन, इसबगोल, कडधान्यं, सफरचंद-संत्र्यातलं पेक्टिन हे सगळे त्याचेच प्रकार. इसबगोलाचा एक चमचा ग्लासभर पाण्यात ढवळा आणि दहा मिनिटं तसाच ठेवा. पाणी राहत नाही, चमचा उभा राहील की काय असं वाटण्याइतकी जेली होते. आतड्यात हेच होतं आणि त्या जेलीत पित्ताम्लं अडकतात. एरवी शरीर पित्ताम्लं फार काटकसरीने वापरतं. चरबी पचवून झाली की लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून त्यांतली सुमारे 95 टक्के शोषून परत यकृताकडे जातात. फायबरने काही बाहेर नेली की यकृताला नवी बनवावी लागतात, आणि त्यासाठी कच्चा माल कोलेस्टेरॉल. ते मिळवायला यकृत आपल्या पेशींवर जास्त एलडीएल रिसेप्टर उभे करतं आणि रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. स्टॅटिनही शेवटी हेच रिसेप्टर वाढवतं, फक्त कितीतरी जोरात.

मात्रा महत्त्वाची आहे. बीटा-ग्लुकन रोज 3 ग्रॅम पोटात गेलं तर एलडीएल साधारण 5 ते 7 टक्के उतरतं. त्यासाठी कोरडे ओट्स 70-80 ग्रॅम लागतात, म्हणजे बराच मोठा वाडगा. दोन चमचे ओट्स दुधावर भुरभुरून काही होत नाही. इसबगोल रोज 10 ग्रॅमच्या आसपास घेतलं तर फरक साधारण तेवढाच किंवा थोडा जास्त. शिजवलेली कडधान्यं किंवा डाळ रोज वाटीभर, म्हणजे सुमारे 130 ग्रॅम, खाल्ली तर सरासरी 5 टक्के. इसबगोल घेताना काही गोष्टी पाळाव्यातच: सुरुवात एका चमच्याने करावी, भरपूर पाण्यात ढवळून लगेच प्यावं, कोरडं तोंडात टाकू नये. गिळायला त्रास होत असेल किंवा आतड्यात अडथळ्याचा इतिहास असेल तर घेऊच नये. बाकी औषधांपासून दोन तासांचं अंतर ठेवावं, थायरॉइडच्या गोळीपासून चार. पहिला आठवडा-दोन आठवडे पोट फुगतं, ते बसतं.

वनस्पतीजन्य स्टेरॉल आणि स्टॅनॉल यांची रचना कोलेस्टेरॉलशी इतकी मिळतीजुळती असते की आतड्यात शोषलं जायच्या रांगेत ते कोलेस्टेरॉलची जागा अडवतात. रोज 2 ग्रॅम जेवणाबरोबर घेतले तर एलडीएल 8 ते 10 टक्के कमी होतं. नेहमीच्या जेवणातून मात्र साधारण 300 मिलिग्रॅमच मिळतात, त्यामुळे एवढी मात्रा गाठायला ते मुद्दाम मिसळलेले पदार्थ किंवा कॅप्सूल लागतात. माझं मत विचाराल तर फायबर आणि तेलाची घडी बसल्यावरच यांच्याकडे वळावं, कारण यांनी हार्ट अटॅक कमी झाले असं दाखवणारी मोठी चाचणी झालेली नाही. शिवाय सिटोस्टेरोलेमिया या दुर्मीळ आनुवंशिक आजारात हेच स्टेरॉल रक्तात साचून धमन्यांचं नुकसान करतात, तिथे ते पूर्ण वर्ज्य.

आता चरबी. इथे 'काय घेतलं' इतकंच 'कशाच्या जागी घेतलं' हेही महत्त्वाचं. लोणी, चरबीयुक्त मांस, पाम किंवा खोबरेल तेल यांच्या जागी असंपृक्त चरबीची तेलं आणि सुकामेवा आला तर एलडीएल उतरतं. आहे ते सगळं तसंच ठेवून वरून दोन चमचे ऑलिव्ह तेल ओतलं तर फक्त कॅलरी वाढतात. स्पेनमधल्या प्रेडिमेड चाचणीत सुमारे साडेसात हजार जोखमीच्या लोकांपैकी काहींना भूमध्यसागरी पद्धतीच्या जेवणाबरोबर भरपूर एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल, काहींना रोज 30 ग्रॅम अक्रोड-बदाम-हेझलनट दिले. हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू मिळून सुमारे 30 टक्के कमी झाले, त्यात मुख्य वाटा पक्षाघाताचा. 2013 चा हा अहवाल काही केंद्रांवर गट पाडताना झालेल्या चुकांमुळे मागे घेऊन 2018 मध्ये नव्याने छापावा लागला. निष्कर्ष जवळपास तोच राहिला. त्यानंतर 2022 मध्ये स्पेनमधूनच कॉर्डिओप्रेव्हचा निकाल आला. आधीच हृदयरोग असलेल्या 1002 रुग्णांत सात वर्षांनी हाच आहार कमी चरबीच्या आहाराहून सरस ठरला, आणि मानेतल्या धमनीच्या भिंतीची जाडीही या गटात कमी झालेली दिसली. आहाराने धमनीच्या भिंतीत मोजता येण्याजोगा फरक पडतो, याचा इतका चांगला पुरावा दुसरा क्वचितच सापडेल.

एक्स्ट्रा व्हर्जिन तेलात हायड्रॉक्सीटायरोसॉल आणि त्याच्या जातीची पॉलिफेनॉल असतात. 20 ग्रॅम तेलात ती किमान 5 मिलिग्रॅम असतील तर 'रक्तातल्या मेदाचं ऑक्सिडीकरणापासून रक्षण' एवढा दावा युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने मान्य केला आहे. चांगलं ताजं तेल नुसतं चाखलं तर घशाशी ठसका लागतो, तो ओलिओकँथल या अशाच एका घटकाचा. रिफाइन्ड तेलात हे जवळजवळ उरत नाही. पण हे घटक वेगळे काढून गोळीत भरले तर तसाच फायदा मिळेल, असं धरून चालू नका. व्हिटॅमिन ईच्या वेळी आपण नेमकं तेच धरून चाललो होतो.

फिश ऑइलच्या बाटलीवर समोर 'ओमेगा-3, 1000 मिलिग्रॅम' असतं. बाटली फिरवून मागची बारीक अक्षरं वाचा: बहुतेक साध्या कॅप्सूलमध्ये ईपीए 180, डीएचए 120 (ही दोन माशांतली ओमेगा-3 मेदाम्लं). म्हणजे कामाचा ऐवज 300, बाकी नुसतं तेल. 2018 च्या रिड्यूस-इट चाचणीत ज्याने हृदयविकाराच्या घटना 25 टक्क्यांनी कमी झाल्या, ते रोज 4 ग्रॅम शुद्ध आयकोसापेंट इथाइल होतं, म्हणजे ईपीएचंच औषधी रूप. तेवढं ईपीए या कॅप्सूलमधून मिळवायचं तर दिवसाला वीसच्या वर गिळाव्या लागतील. ती चाचणीही स्टॅटिन चालू असलेल्या आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली आणखी एक चरबी) वाढलेल्या लोकांवरची. तिच्यात तुलनेच्या गटाला खनिज तेल दिलं होतं आणि त्या गटाचं एलडीएल वाढलं, म्हणून फायदा फुगून दिसला का हा वाद अजून मिटलेला नाही. ईपीए-डीएचए मिश्रणाची स्ट्रेंग्थ चाचणी 2020 मध्ये निष्फळ म्हणून थांबली. रोज 1 ग्रॅमची व्हायटल चाचणी (2018) जवळपास 26 हजार निरोगी लोकांवर झाली, तिथेही मुख्य निकष साधला नाही. मोठ्या डोसने हृदयाची लय बिघडायची, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनची, शक्यता वाढते. मासे खात असाल तर आठवड्यातून दोनदा तेलकट मासा खा, नसाल तर जवस आणि अक्रोड आहेत. कॅप्सूल मी सुचवणार नाही.

बीटचा रस वेगळ्या पायरीवर काम करतो. बीट आणि पालेभाज्यांतलं नायट्रेट जिभेवरच्या जिवाणूंमुळे नायट्राइट होतं, पुढे शरीरात त्याचं नायट्रिक ऑक्साइड बनतं आणि त्याने धमनी सैल होते. 1998 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल याच वायूवरच्या कामाला मिळालं. यातून रक्तदाब थोडा उतरतो आणि कमी रक्तदाब अस्तराच्या फायद्याचाच. एलडीएलवर मात्र परिणाम नाही. गंमत म्हणजे जंतुनाशक माउथवॉशने रोज चुळा भरणाऱ्यांना हा फायदा फारसा मिळत नाही, कारण ते जिवाणूच मरतात. रस नेमाने प्यायचीही गरज नाही, पालेभाजी पुरते. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी बीट आणि पालकातल्या ऑक्झॅलेटचा विचार करावा.

कोकोतल्या फ्लॅव्हनॉलवर कॉसमॉस नावाची मोठी चाचणी झाली: 21 हजारांहून अधिक लोक, रोज 500 मिलिग्रॅम. 2022 च्या निकालात हृदयविकाराच्या एकूण घटनांत ठोस फरक नव्हता, हृदयविकाराने होणारे मृत्यू मात्र 27 टक्के कमी होते. हा दुय्यम निकष, त्यामुळे आशा ठेवावी पण पैज लावू नये. आणि ते कॅप्सूलमधलं कोकोसत्त्व होतं. अल्कलीची प्रक्रिया झालेल्या कोकोत फ्लॅव्हनॉल बरेचसे नष्ट होतात आणि चॉकलेटबरोबर साखर आणि संपृक्त चरबी फुकट मिळते.

लसूण, हळद वगैरेंचा निकाल एकाच चाचणीने बऱ्यापैकी लावला. स्पोर्ट नावाच्या या चाचणीत (2022) चार आठवडे एका गटाला अगदी कमी, 5 मिलिग्रॅम रोसुव्हास्टॅटिन दिलं. इतर गटांना फिश ऑइल, दालचिनी, लसूण, हळद, वनस्पती स्टेरॉल आणि रेड यीस्ट राइस (यीस्टने आंबवलेला लाल तांदूळ) यांची बाजारातली उत्पादनं. स्टॅटिनने एलडीएल सुमारे 38 टक्के उतरलं. बाकी एकानेही डमी गोळीपेक्षा ठोस फरक पाडला नाही, लसणाच्या गटात तर थोडं वाढलं. चाचणी छोटी आणि कमी मुदतीची होती हे खरं, आणि स्टेरॉलचा परिणाम इतर अनेक चाचण्यांत दिसलेला आहे. पण लसणाबाबत 2007 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातली सहा महिन्यांची चाचणीही हेच सांगत होती, आणि तिथे कच्चा लसूणही तपासला होता. स्वयंपाकात लसूण-हळद हवी तितकी वापरा. कर्क्युमिनच्या जोरकस कॅप्सूलपासून मात्र लांब राहा. शोषण वाढावं म्हणून त्यांत मिरीतलं पायपरीन घालतात आणि अशा उत्पादनांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

के2 चा तर्क चांगला आहे: धमनीत कॅल्शियम साचू न देणारं एमजीपी हे प्रथिन व्हिटॅमिन के असल्याशिवाय काम करत नाही. पण महाधमनीच्या झडपेतल्या कॅल्शियमवर दोन वर्षं चाललेल्या डेन्मार्कमधल्या चाचणीत के2 आणि डी3 देऊन फरक पडला नाही. वॉरफेरिन हे रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर के2 ला हातही लावू नका.

रेड यीस्ट राइस तुमच्या यादीत नाही, पण स्टॅटिन टाळणारे पुढे तिकडेच वळतात म्हणून सांगते. त्यातलं मोनॅकोलिन के म्हणजे रासायनिकदृष्ट्या लोव्हास्टॅटिनच. उत्पादनागणिक त्याचं प्रमाण बदलतं आणि काहींत सिट्रिनिन हे मूत्रपिंडाला घातक बुरशीजन्य विष सापडलेलं आहे. युरोपीय संघाने 2022 मध्ये त्याचा दिवसाचा डोस 3 मिलिग्रॅमच्या आत ठेवायचा नियम केला. स्टॅटिनच घ्यायचं तर मोजून-मापून तयार केलेलं, डॉक्टरांनी लिहून दिलेलं घ्या.

मग या सगळ्यातून किती मिळतं? टोरांटोचे डेव्हिड जेन्किन्स यांनी फायबर, स्टेरॉल, सोया प्रथिन आणि बदाम एकत्र करून 'पोर्टफोलिओ' आहार बांधला. 2003 मध्ये सगळं जेवण पुरवून चार आठवड्यांत एलडीएल 28 टक्क्यांहून अधिक उतरलं, 20 मिलिग्रॅम लोव्हास्टॅटिनच्या जवळपास. पण 2011 मध्ये लोकांना फक्त सल्ला देऊन घरी सोडलं, तेव्हा सहा महिन्यांनी घट 13-14 टक्के भरली. मी लोकांना हा दुसराच आकडा सांगते. तुमच्या बाबतीत 142 चे साधारण 123.

आणि इथेच अडचण आहे. प्लाक दिसलेल्या माणसात डॉक्टर बहुधा 70 च्या खालचं लक्ष्य धरतात. तिथपर्यंत एकट्या आहाराने क्वचितच कुणी जातं, आणि औषध लागलं तर त्यात आहाराचा पराभव नाही, कारण फायबरचा परिणाम स्टॅटिनच्या वर मिळतो आणि काही वेळा डोस कमी ठेवता येतो. तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांनी थांबायला हरकत नाही म्हटलं तर तीन महिने वरचं सगळं मनापासून करा. मधुमेह असेल, एलडीएल 190 च्या वर असेल, घरात कमी वयात हार्ट अटॅक आलेले असतील किंवा चालताना छातीत दडपण येत असेल, तर हे तीन महिनेही नकोत. लिपोप्रोटीन-ए, म्हणजे एलडीएलसारखाच एक कण, एकदा तपासून घ्या. ते जन्मतःच ठरलेलं असतं, कुठल्याही पथ्याने फारसं हलत नाही, पण वाढलेलं निघालं तर औषधाचा निर्णय सोपा होतो. फ्रेंच प्रेस किंवा न गाळलेली कॉफी रोज तीन-चार कप होत असेल तर कागदी फिल्टरने गाळून घ्या, न गाळलेल्या कॉफीतलं कॅफेस्टॉल एलडीएल वाढवतं. पुढे सिम्व्हास्टॅटिन किंवा अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन सुरू झालं तर ग्रेपफ्रूटबद्दल डॉक्टरांना विचारा.

पुन्हा तपासणी 10-12 आठवड्यांनी, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत. मधे ताप, मोठं आजारपण किंवा शस्त्रक्रिया झाली असेल तर काही आठवडे थांबून मगच रक्त द्या, कारण तेव्हा एलडीएल तात्पुरतं खाली जातं आणि आहाराने कमाल केली असा गैरसमज होतो. सध्या ज्या कॅप्सूल चालू असतील त्यांच्या बाटल्या डॉक्टरांकडे सोबत न्या.